रंगाचा डबा उघडण्याआधी: गावात, वस्तीत फुकट काम करायला निघालेल्या कलाकारांसाठी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघं नदीकाठच्या एका गावात गेलो: दोन पेंटर, एक हलगीवाला आणि कॉलेजात नाटक करणारी एक मुलगी. मी मूळचा बोर्ड रंगवणारा. फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला, पण हात शिवशिवायचा काही राहिला नाही. समाजमंदिराच्या भिंतीवर आम्ही भली मोठी निळी लाट काढली, लाटेतून वर आलेले हात, आणि खाली झोकदार अक्षरांत 'पुन्हा उभे राहू'. चार दिवस खपलो. समोरच्या घरातली आज्जी रोज उंबऱ्यावर बसून बघायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "पेंटर, चांगलं काढलंय बाबा. पण आता रोज सकाळी दार उघडलं की पाणीच दिसायचं म्हण की."

तिची दोन जनावरं त्या पुरात गेली होती. आम्ही त्याच संध्याकाळी चुना कालवला आणि लाट पुसली.

मग तिलाच विचारलं, काय काढू? ती म्हणाली, मोबाइलवर सारखं येतंय, आयर्विनला इतकं फूट, कोयनेतनं इतकं क्युसेक. आम्हाला काय उमजतंय त्यातलं? तिथं किती झालं की आमच्या गल्लीत पाणी शिरतंय, तेवढं लिव. पुढचे दोन रविवार आम्ही पारावर म्हाताऱ्यांना घेऊन बसलो. २००५ ला पाणी कुठवर आलं, २०१९ ला कुठं, त्या दिवशी आयर्विनचा आकडा काय होता, सगळं जुळवलं. भिंतीवर पिवळ्या पट्टीवर काळ्या आकड्यांची उभी फूटपट्टी उभी राहिली. ४० ला 'इशारा', ४५ ला 'धोका', आणि पुढच्या प्रत्येक फुटाला गावचा हिशोब: ओढ्यावरचा रस्ता बंद, खालची गल्ली, शाळेची पायरी, देवळाचा चौथरा. बाजूला 'जनावरं सोडा', 'म्हातारी माणसं हलवा'. कलाकुसर काही नाही. पण गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा ती पट्टी वाचतं.

तेव्हापासून मी वाळवा, पलूस, मिरज, जत भागात आणि अधूनमधून साताऱ्याकडं हे काम करतो आहे. नवी मुलं भेटतात, उत्साहानं फसफसलेली असतात, आणि आम्ही केल्या त्याच चुका करतात. त्यांच्यासाठी हे ओळीनं लिहून ठेवतो.

१. किती दिवस देणार ते आधी ठरवा

'जमेल तसं येऊ' असं गावाला सांगू नका. पंधरवड्यातून एक रविवार, सहा महिने, असं काहीतरी ठरवा आणि वहीत लिहा. सहा महिने जमत नसतील तर तीन. पण एकच गाव घ्या. आमच्यातला एक जण पहिल्याच वर्षी तीन गावांना शब्द देऊन बसला. तिन्ही ठिकाणी अर्ध्या भिंती राहिल्या. त्यातल्या एकीवर अजून फक्त पांढरा प्रायमर आहे आणि गावातली पोरं त्यावर क्रिकेटचा स्टंप काढतात.

२. कुणाचं तरी बोट धरून जा

ओळखीशिवाय थेट गावात उतरू नका. ज्यांचा तिथं आधीपासून राबता आहे अशा एका माणसाला धरा. माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडतात त्या आशाताई आणि अंगणवाडीताई. कुठल्या घरात काय चाललंय, कुणाकडं जायचं, कुणाकडं अजिबात जायचं नाही, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्यानंतर जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि बचत गटाच्या बायका. सरपंचांना भेटायचंच, पण सुरुवात तिथून केली की तुम्ही 'सरपंचाची माणसं' होऊन जाता आणि निम्मं गाव तुमच्याशी मोकळं बोलत नाही.

काम करणाऱ्या संस्थांचा या भागात दुष्काळ नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम डॉ. नरेंद्र दाभोलकरांमुळं साताऱ्यात पक्कं रुजलेलं आहे, व्यसनमुक्तीचं 'परिवर्तन'ही तिथलंच. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशन आहे. सांगलीत 'संग्राम' आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे. या शेवटच्या ठिकाणी जाणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: त्या बायका संघटित आहेत, स्वतःचं म्हणणं स्वतः मांडतात, नाटकातूनसुद्धा. त्यांचा उद्धार करायला तुम्ही निघालेला नाही. बोलावलं तर जा आणि सांगतील ते काम करा.

इथले दोन खड्डे सांगतो. पहिला, पुढाऱ्याचा टेम्पो. "रंग माझ्याकडनं, गाडी माझ्याकडनं, कोपऱ्यात फक्त एवढा फोटो टाका." तो फोटो पडला की भिंत त्यांची झाली, आणि पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या गटाची पोरं तिच्यावर डांबर फासतात. दुसरा खड्डा म्हणजे फोटोच्या भुकेली संस्था. अशाच एका संस्थेनं आमच्याकडून शाळेची एकच भिंत तीनदा 'उद्घाटनाला' रंगवून घेतली, दर वेळी वेगळा पाहुणा. मुलांना उन्हात बसवून टाळ्या वाजवायला लावल्या. तिसऱ्या वेळी आम्ही ब्रश खाली ठेवून एसटी पकडली. संस्थेबरोबर जाण्याआधी सरळ विचारा: या कामाचे फोटो कुठं जाणार, खाली नाव कुणाचं लागणार, आणि तुम्ही या गावात गेल्या वर्षी किती वेळा आला होता? तिसऱ्या प्रश्नाला अडखळले तर समजून जा.

३. पहिल्या दोन भेटीत हात खिशात

नव्या लोकांना ही पायरी सगळ्यात जड जाते. गाडीत रंग आहे, डोक्यात डिझाइन आहे, आणि पेंटर म्हणतोय नुसतं बसा. तरी बसा.

"तुमच्या समस्या काय आहेत?" असं चुकूनही विचारू नका. हा प्रश्न लोकांनी पन्नास साहेबांच्या तोंडून ऐकलाय आणि उत्तर तोंडपाठ आहे: रस्ता, गटार, पाणी, लाइट. खोटं नसतं ते, पण ते साहेबांसाठी ठेवलेलं उत्तर आहे. त्यापेक्षा आज सकाळपासून काय काय केलंत ते विचारा. जत तालुक्यात एका बाईंना हे विचारलं. त्या बोलत गेल्या आणि बोलता बोलता कळलं की गावात टँकर कधी येणार हे फक्त पुरुषांच्या मोबाइलवर येतं. पुरुष कामावर, मोबाइल त्यांच्या खिशात, आणि घागर घेऊन धावायचं बाईनं. तिथं आम्ही चित्र काढलंच नाही. चौकात एक काळा फळा रंगवला, टँकरची वेळ लिहायला. खडू अंगणवाडीत.

कधी जायचं हेही शिकून घ्यावं लागतं. आठवडी बाजाराच्या दिवशी घरात कुणी सापडत नाही. तासगाव, मिरज भागात द्राक्षाची छाटणी चालू असताना माणसाला मान वर करायला वेळ नसतो. ऑक्टोबरात एक छाटणी, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, मध्ये फेब्रुवारी-मार्चला माल उतरतो. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरकडून येतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, असतात. त्यांच्या कोप्यांवर (पाचटाच्या झोपड्यांवर) सकाळी दहाला गेलात तर लहान पोरं आणि त्यांना सांभाळणारी थोडी मोठी पोरं, एवढीच भेटतील. जाणती माणसं पहाटे अंधारात फडावर गेलेली असतात. ती परतल्यावर बाई चूल पेटवते, त्या वेळी तिच्यासमोर वही-पेन घेऊन उभं राहू नका. चुलीपाशी बसायला बोलावलं तर बसा, नाहीतर पोरांशी खेळा.

आणि चहा. कुणाकडं चहा घेतला हे गाव मोजतं. गावठाणातल्या वाड्यात कपबशी घेतलीत आणि मातंग वस्तीत किंवा बौद्धवाड्यात "आत्ताच झाला" म्हणालात, की तुमचा निकाल लागला. पुढं तुम्ही समतेवर पोवाडा गा नाहीतर भिंतभर चित्र काढा. दोन्हीकडं प्या. साखर सोसत नसेल तर पाणी मागून घ्या, पण घ्या.

बोलताना मावशी, काकू, आज्जी, दादा, तात्या, आबा. वहिनी म्हणताना जरा जपून, तिथं गावची नाती गुंतलेली असतात. 'तुम्ही लोक' हा शब्द घरीच ठेवून या.

४. कागद

तोंडी परवानगीवर मी एकदा विसंबलो. सरपंच "करा की, भिंत काय पळून जाते का" म्हणाले. दोन महिन्यांनी सरपंच बदलले आणि भिंतीला चुना लागला. आता पुढचे कागद फाइलमध्ये असल्याशिवाय आम्ही डबा उघडत नाही:

– ग्रामपंचायतीचं पत्र. ठराव झाला तर उत्तमच. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांना धरून असतात, त्याआधी अर्ज द्या.
– भिंतीच्या मालकाची लेखी संमती. भाऊ-भाऊ वाटणीत भांडत असतील तर दोघांच्याही सह्या.
– शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, दोघांचं पत्र.
– शहरात असाल तर महापालिका किंवा नगरपालिकेला अर्ज. सांगली, मिरज, कुपवाड ही तिन्ही शहरं एकाच महापालिकेत येतात. सार्वजनिक भिंतीवर विनापरवाना रंगकाम १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्यात बसतं, हेतू कितीही चांगला असो.
– पथनाट्य किंवा गाण्याचा कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज: जागा, तारीख, वेळ, माणसं किती, ध्वनिक्षेपक आहे की नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र.
– लिहिलेल्या संहितेचं नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची चौकशी आधीच करा. ऐन प्रयोगाच्या दिवशी कुणी विचारलं तर तोंड चुकवत फिरावं लागतं.
– प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स, आणि गटातल्या एकाचा नंबर ग्रामपंचायतीत लिहून दिलेला.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर भिंतीचं काम सरळ पुढं ढकला. त्या दिवसांत 'मुलगी शिकवा' सुद्धा कुणाचा तरी प्रचार वाटतो.

५. नाटक, पोवाडा, गाणं करणार असाल तर

प्रेक्षक कच्चा समजू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं ते सांगलीत. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू कवलापूरचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसे केले, प्रतिसरकारच्या काळात शाहिरांनी याच गावांमधून डफ वाजवला. तुमच्यासमोर पारावर बसलेल्या आजोबांनी यातलं काही डोळ्यांनी पाहिलेलं असतं, काही त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. तुमचा ताल चुकला तर ते काही बोलणार नाहीत, तंबाखू मळत उठून जातील. म्हणून तालीम करा. 'फुकट आहे, चालून जाईल' हे आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात निलाजरं वाक्य आहे.

पंधरा-वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. हलगी आधी दहा मिनिटं वाजू द्या, माणसं तिच्यावर गोळा होतात. संवाद गावाच्या बोलीत ठेवा. पुण्याची भाषा बोलणारा शेतकरी बघून बायका पदर तोंडाला लावून हसतात.

आता चूक सांगतो, आमचीच. दारूवर पथनाट्य केलं होतं. दारुड्याचं पात्र मी करायचो. झोकांड्या खायचो, कुत्र्याला साहेब म्हणायचो, गटारात बसून गाणं म्हणायचो. लोक पोट धरून हसायचे, आणि आम्हाला वाटायचं प्रयोग रंगला. पलूस तालुक्यातल्या एका गावात पहिल्या रांगेत नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा बसला होता. तो हसत नव्हता. मधेच उठला आणि कडेकडेनं निघून गेला. पुढच्या रविवारी गुरुजींनी सांगितलं, शाळेत पोरं त्याला माझ्या पात्राच्या नावानं हाक मारत होती. त्याचे वडील तसेच आहेत हे गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते आम्हालाच.

ते नाटक आम्ही बंद केलं. नव्यानं बसवलं त्यात दारुडा रंगमंचावर येतच नाही. त्याची बायको, आई आणि मुलगा रात्री त्याची वाट बघत बसतात. कमी हसू येतं. पण प्रयोग संपल्यावर माणसं जागची उठत नाहीत, दोघं-तिघं बाजूला येऊन व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता विचारतात. विषय कुठलाही घ्या, ज्याच्यावर नाटक आहे तोच समोर बसलेला आहे असं धरून लिहा. बहुतेक वेळा बसलेला असतोच.

प्रयोगानंतर कुणीतरी येऊन काही सांगणार, त्याची तयारी ठेवा. बालविवाहावरच्या आमच्या नाटकानंतर एक मुलगी साहित्य उचलायला मदत करायला आली आणि खाली बघत म्हणाली, "ताई, माझी पण सुपारी फुटलीय." आमची नाटकवाली पोरगी हडबडली. अशा वेळी गर्दी गोळा करू नका, आईबापांना जाब विचारायला जाऊ नका, मुलीला कसलंही वचन देऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिच्या लक्षात राहील असा सांगा आणि तुम्ही स्वतःही फिरवा. गावात ग्रामसेवक (आताचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. त्यांना कळवणं हे तुमचं काम, पुढची कारवाई त्यांची. बायकांसाठी १८१, तातडीसाठी ११२, मन थाऱ्यावर नसेल तर बोलायला १४४१६. हे चार नंबर गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजेत. त्या मुलीचं पुढं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही, ती तिची गोष्ट आहे.

६. भिंत रंगवणार असाल तर

इथं मी जरा लांबण लावणार, माझा धंदाच आहे तो.

जून ते सप्टेंबर बाहेरची भिंत घेऊ नका. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. भिंतीवर तळहात ठेवून बघा, गार आणि दमट लागली तर सोडून द्या. खालच्या हातभर पट्ट्यात पांढरी भुकटी आली असेल तर तो लोणा. त्याच्यावर कितीही भारी रंग मारा, पुढच्या पावसात पापुद्रे निघणार. तेवढा पट्टा रिकामा ठेवून चित्र वर घ्या. जुना चुना तारेच्या ब्रशनं खरवडून काढा, भिंत झाडा, धुवा, पूर्ण वाळू द्या, मग प्रायमर. आळस इथं केला की वर्षभरात दिसतो.

सामान:

– बाहेरच्या भिंतीचं इमल्शन. डिस्टेंपर घराच्या आतलं, उन्हापावसात टिकत नाही. दहा बाय वीसच्या, म्हणजे २०० चौरस फुटांच्या भिंतीला दोन हात मारायला एका रंगाचे साधारण चार लिटर धरा. सगळ्या छटा विकत घेत बसू नका. पांढरा मोठा डबा आणि रंगाच्या बाटल्या (स्टेनर) घेऊन कालवा.
– प्रायमर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पत्रा (पुट्टी ओढायला).
– एक, दोन आणि चार इंची ब्रश, अक्षरांसाठी चपटे बारीक ब्रश, रोलर.
– सुतळी आणि नीळ. सुतळी निळीत बुडवून दोन टोकांना ताणायची आणि मधून सोडायची, टणकन सरळ रेघ उमटते. हे बघायला पोरं गर्दी करतात, त्यांनाच टोक धरायला द्या.
– घोडा (वर चढून रंगवायचा लाकडी) किंवा शिडी. गावातून मागून घ्या, तेवढीच ओळख वाढते.
– जुने डबे, चिंध्या, पाण्याचा कॅन.

पाण्याचा कॅन गंमत म्हणून लिहिला नाही. आटपाडी, जत, माण, खटाव भागात उन्हाळ्यात गावच्या नळावर ब्रश धुणं म्हणजे शिव्या खाणं, आणि त्या रास्त असतात. ओढ्यात, विहिरीपाशी तर कुठंच धुवू नका. घाण पाणी डब्यात भरून परत आणा.

अक्षरं मोठी काढा. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर एक इंच, चाळीस फुटांवरून चार इंच, हा बोर्डवाल्यांचा जुना हिशोब आहे. पिवळ्यावर काळं सगळ्यात लांबून दिसतं. सुरुवातीला सगळे कलात्मक वळणाची अक्षरं काढतात. नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला ती वाचता येत नाहीत. शाळेच्या पुस्तकातलं अक्षर काढा. आणि रंगवण्याआधी मजकूर गावातल्या दोघांकडून मोठ्यानं वाचून घ्या. आमच्या एका भिंतीवर 'आरोग्य' चं 'आरोग' झालं होतं, ते एका तिसरीतल्या मुलीनं पकडलं.

७. पैसा, आणि हलगीवाल्याचा प्रश्न

तुम्ही तुमचे हात फुकट देताय. रंग, एसटी, जेवण फुकट नसतं. एक वही करा, प्रत्येक पावती चिकटवा, आणि काम संपल्यावर ती वही ग्रामपंचायतीत किंवा शाळेत दाखवा, कुणी मागितली नाही तरी. गावानं जेवण दिलं तर खा, शिधा दिला तर घ्या. पैशाची वर्गणी गावातून गोळा करू नका.

आता हलगीवाला. गावात पथनाट्य करायचं ठरलं की कुणीतरी म्हणतं, "आपल्या वस्तीतल्या अमक्याला बोलवा, वाजवंल की फुकट." इथं थांबा. हलगी हे काही घरांचं पोट आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांना ती गावकीचं काम म्हणून, भाकरतुकड्यावर वाजवायला लावलेली आहे. तुम्ही समाज बदलायला निघालात आणि त्याला फुकट वाजवायला सांगितलंत, तर जुनीच वेठ नव्या टीशर्टात आली. त्याचं नेहमीचं मानधन विचारा आणि त्यातला रुपया कमी न करता द्या. परवडत नसेल तर टाळ्या वाजवून नाटक करा. आमच्या गटातला हलगीवाला स्वतःहून फुकट येतो, पण तो त्याचा निर्णय. वस्तीतल्या दुसऱ्या वादकाला आम्ही कायम पैसे देतो, आणि ते लपवत नाही.

मिरजेहून तंबोरा, सतार घेऊन येणाऱ्या मित्रांना एक सांगणं: वाद्य गावात आणायचं तर पोरांना हात लावू द्यायच्या तयारीनं आणा. नाहीतर आणू नका.

८. पोरं आणि फोटो

मुलांबरोबर काम करताना कायम दोन मोठी माणसं हजर पाहिजेत आणि दार उघडं. कुठल्याही मुलाला एकट्यानं घेऊन जायचं नाही, दुकानापर्यंतसुद्धा नाही. फोटोला आईबापांची लेखी परवानगी घ्या. अत्याचाराच्या, पळून जाण्याच्या, बालविवाहाच्या प्रकरणातलं मूल असेल तर फोटो, नाव, शाळा, गाव, काहीच कुठं द्यायचं नाही, कायदाच आहे तसा. ऊसतोड्यांच्या पोरांचे काजळ ओघळलेले फोटो काढून मोबाइलवर मिरवणारे कलाकार मी पाहिलेत. एका कोपीवरच्या बाईनं त्यातल्या एकाला विचारलं, "तुमच्या पोरांचं पण असंच काढता का?" तो गप्प बसला.

९. परत जा

काम झाल्यावर तीन महिन्यांनी, मग पावसाळ्यानंतर एकदा. जाताना लहान डब्यात उरलेला रंग आणि एक ब्रश न्या आणि तिथंच ठेवून या. शाळेत किंवा अंगणवाडीत कुणाच्या तरी ताब्यात द्या, झाकणावर रंगाचं नाव आणि तारीख टाकून. डबा उलटा ठेवायला सांगा, साय धरत नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी उतरल्यावर मी आज्जीच्या गावात गेलो. भिंतीच्या खालच्या अर्ध्यावर चिखलाचा थर होता, वर आकडे शाबूत. आज्जीची जनावरं या वेळी आधीच माळावर नेली होती, हे तिनंच सांगितलं. मग भिंतीपाशी नेऊन दाखवलं. 'खालची गल्ली' समोर आम्ही ४८ लिहिला होता. कुणीतरी तो ब्रशनं खोडून शेजारी ४७ काढला होता. ठेवून आलेल्या डब्यातलाच रंग, सात जरा वाकडा, ओघळ आलेला.

"तुमचं एका फुटानं चुकलं होतं," आज्जी म्हणाली.

मी खिशातला ब्रश काढला, ओघळ तेवढा पुसला, आणि सात तसाच ठेवला.